फाटा कुठे फुटतो

पोलादपुरात आमच्या आळीत दोन निवृत्त माणसं राहतात. तात्या एसटीत ड्रायव्हर होते, बापू कंडक्टर. उमेदीची बरीच वर्षं दोघांनी आंबेनळी घाटात काढली. गेल्या पावसाळ्यात दरड येऊन घाट बंद होता, वीज गेलेली होती आणि दोघं आमच्या ओट्यावर चहाला बसले होते. मी सहज विचारलं, पोलादपूर ते महाबळेश्वर डोळे मिटून सांगता येईल?

बापूंनी दम न घेता म्हणून दाखवलं. कापडे, वाडा-कुंभरोशी, मेटतळे, मधल्या सगळ्या वाड्या, प्रत्येकाचा टप्पा (एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा) आणि कुठल्या साली कुठलं भाडं होतं तेही. पाढे म्हणावेत तसं. तात्यांना मात्र सुरुवातच करता येईना. "गाडी स्टँडवरनं निघू द्या आधी, डॉक्टरबाई," म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे धरले आणि ओट्यावर बसल्या बसल्या गाडी काढली. इथं दुसरा टाकायचा. इथं धुकं असलं तरी ओढ्याचा आवाज येतो, आला की हॉर्न द्यायचा. इथं वरून येणारी गाडी दिसत नाही, उजेड दिसतो.

मी मध्येच अडवलं. समजा तुम्ही कुंभरोशीला उभे आहात आणि तोंड खाली पोलादपूरकडे आहे. पहिलं मोठं वळण कुठल्या हाताला? बापू गप्प झाले, मग मनातल्या मनात पुन्हा पोलादपूरपासून सुरू झाले. तात्यांनी ओट्यावर गाडी वळवली, दोन्ही हात फिरवले आणि सांगितलं.

शरीररचनाशास्त्राच्या, म्हणजे अॅनाटॉमीच्या, पुस्तिकेची प्रस्तावना घाटातून सुरू करायचं कारण एवढंच, की तीस वर्षं मी हा विषय शिकवला आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला नीट शब्दांत सापडलं की आम्ही काय करत होतो. आम्ही वर्षभर मुलांना बापू करत होतो आणि परीक्षेत त्यांच्याकडून तात्यांची अपेक्षा ठेवत होतो.

ही पुस्तिका ज्या वह्यांवरून तयार झाली त्या एका मुलीच्या आहेत. घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतली मुलगी, दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे तालुक्याच्या गावी विज्ञान शाखा, आणि मग एमबीबीएस. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. मी तिची परीक्षक होते आणि पहिल्या टर्मिनलला मीच तिला नापास केलं. पाठांतराची कमी नव्हती. ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताच्या नसांच्या जाळ्याच्या, शाखा तिनं बापूंसारख्या म्हटल्या होत्या. मग मी दंडाचं हाड, ह्युमरस, तिच्या हातात दिलं आणि विचारलं, "डाव्या बाजूचं का उजव्या?" ती हाडाकडे बघत राहिली. हाडावर काही लिहिलेलं नव्हतं. वर्णन तिला येत होतं, ते इंग्रजीत आणि बरोबर. पण ते वर्णन या वस्तूचं आहे हे कुणी तिला दाखवलंच नव्हतं.

व्हायवा संपल्यावर मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "हाड आधी अंगाला लाव." गोल डोकं वर. ते खांद्याच्या खोबणीत बसणार, म्हणजे आतल्या बाजूला, शरीराकडे. खालच्या टोकाला खड्डे आहेत, त्यातला सगळ्यात खोल तो मागे, कारण कोपर सरळ केलं की अल्ना या हाडाचं टोक त्यात शिरतं. आता दोन्ही दंडांवर ठेवून बघ. एकाच बाजूला बसतं. तिनं ठेवलं आणि हसली. हसण्याचं कारण नंतर कळलं. घरी बैलाच्या जुवाला खीळ घालताना तिचे वडील हेच करायचे. खिळीचं वर्णन कुणी पाठ करत नाही, लावून बघतात.

त्या दिवसानंतरच्या वह्या वेगळ्या आहेत. आधीच्या मी पाहिल्यात. त्या पुस्तकाच्या नकला आहेत, चार रंगांच्या पेनांनी अधोरेखित केलेल्या. नंतरच्या वह्यांत मजकूर कमी आणि रेघोट्या जास्त.

आता नावांविषयी. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला अॅनाटॉमी जड जाते ती मुळात नावांमुळे. लॅटिन आणि ग्रीक शब्द इंग्रजी उच्चाराचे कपडे घालून येतात आणि मूल समजतं की आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून हे येत नाही. खरं तर लंडनच्या मुलालाही ते तितकेच परके असतात. त्या वह्यांतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती प्रत्येक नाव आधी फोडते. पटेला म्हणजे छोटी थाळी. आपण काय म्हणतो? गुडघ्याची वाटी. रोमन माणसाला आणि कोकणातल्या माणसाला गुडघ्यावर एकच भांडं दिसलं! टिबिया म्हणजे बासरी, आपल्याकडे नळी, मटणवाल्याला विचारा. क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. सार्टोरियस हा शिंप्याचा स्नायू, मांडी घालून बसणाऱ्या शिंप्याचा. मांडीच्या बाहेरच्या कोपऱ्यातून तिरका उतरत गुडघ्याच्या आत जातो, आणि मांडी घालताना तो काय करतो ते स्वतः मांडी घालून बघितलं की आयुष्यभर विसरत नाही. कॉक्सिक्स म्हणजे कोकिळेची चोच. इथे आपलं माकडहाड मला जास्त पटतं.

शासकीय परिभाषेतले शब्द, अंतःप्रकोष्ठास्थी वगैरे, मी या पुस्तिकेत जवळजवळ येऊ दिलेले नाहीत. ते संस्कृतमधून नीट बनवलेले आहेत याबद्दल वाद नाही, पण एका परक्या शब्दाच्या जागी दुसरा परका शब्द ठेवून विद्यार्थ्याचं ओझं दुप्पट होतं. मध्य प्रदेशात २०२२ साली एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत आली तेव्हा मराठीतही तसं करावं अशी चर्चा झाली. माझं मत सरळ आहे. नाव जगात चालतं तेच ठेवा, समजावणं मराठीत करा. नडगी, पोटरी, खुबा, घोटा, पाणथरी, पडजीभ हे शब्द पेशंटच्या तोंडी आहेत. डॉक्टरला ते लॅटिन शब्दाच्या शेजारी, त्याच जागेवर, माहीत पाहिजेत. "पाणथरी वाढलीय" म्हणणाऱ्या आजीला स्प्लीन कळणार नाही, आणि डॉक्टरला पाणथरी कळली नाही तर अडचण आजीची नाही.

मनगटाच्या आठ हाडांसाठी जगभर इंग्रजी वाक्यं पाठ करतात आणि त्यातली बरीचशी चारचौघांत म्हणण्यासारखी नसतात. या वह्यांत एक मराठी आहे : सखू लगबगीनं टोपलीत पिठलं, टोपात टोमॅटो, कढईत हळद. स्कॅफॉइड, ल्यूनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, मग खालच्या ओळीत ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. टोपलीत पिठलं राहत नाही, गळतं, म्हणूनच ते डोक्यात राहतं. पण सखू बापूंच्या पंथाची. ती क्रम सांगते, जागा सांगत नाही. दोन ट्रॅपेंमधलं अंगठ्याखालचं कुठलं, हे सखूला माहीत नाही. त्यासाठी नावं फोडावी लागतात आणि हात लावावा लागतो. स्कॅफॉइड म्हणजे होडी, ल्यूनेट म्हणजे चंद्रकोर, पिसिफॉर्म म्हणजे वाटाणा, हॅमेट म्हणजे आकडा. तळहाताच्या बुडाशी करंगळीच्या बाजूला बोट दाबा, वाटाणा लागतो. आता अंगठा ताणून वर उचला. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा पडतो. पूर्वीची माणसं तपकिरीची चिमूट त्यात ठेवून ओढायची, इंग्रजीतही त्याला तपकिरीची डबीच म्हणतात. त्या खळग्याच्या तळाशी होडी आहे. अंगठ्याकडे अजून थोडं सरका, अंगठ्याच्या मुळाचं हाड ज्यावर बसतं ते ट्रॅपेझियम. घोड्यावर खोगीर बसावं तसा तो सांधा असतो, म्हणून अंगठा चारी दिशांना फिरतो.

लावणीच्या दिवसांत बांधावरून पाय सटकतो, माणूस हात टेकवून पडतो आणि "मनगट मुरगळलं" म्हणून तेल चोळत बसतो. तपकिरीच्या खळग्यात दाबलं आणि कळ आली तर तो मुरगळा समजू नये. स्कॅफॉइडला रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं. कंबरेशी मोडलं तर कोपराकडचा तुकडा रक्ताविना मरू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेत भेग दिसतेच असंही नाही. आठ हाडांचा क्रम सांगून कुणाचं मनगट वाचलेलं मी पाहिलेलं नाही. खळग्यात बोट दाबून वाचलेली पाहिली आहेत.

इथे मला घाटापलीकडच्या साताऱ्याला जाऊन यायचं आहे. थोडं विषयांतर वाटेल, पण नाही.

अॅनाटॉमी म्हटलं की 'ग्रेज अॅनाटॉमी' हे पुस्तक आठवतं. ते १८५८ साली लंडनमध्ये निघालं. मजकूर हेन्री ग्रे यांचा. ३६३ आकृत्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्या. कार्टर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड मिळायचे होते, कार्टर यांना एकदाच दीडशे पौंड देऊन हिशेब मिटला. पुस्तक बाजारात आलं त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले. ग्रे पुढे तीन वर्षांत देवीच्या रोगानं गेले. कार्टर इथे तीस वर्षं राहिले. १८६३ पासून ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. पुढे ग्रँट मेडिकलचे प्राचार्य झाले. मायसेटोमा हा पावलाचा बुरशीजन्य रोग, महारोग, फेर उलटून येणारा ताप, यांवरचं त्यांचं काम आजही संदर्भासाठी काढतात. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या अॅनाटॉमीच्या पुस्तकाचा चित्रकार महाबळेश्वराच्या पलीकडल्या बाजूला पेशंट तपासत होता आणि आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

पण सांगायचं ते वेगळंच. कार्टर यांच्या आधीच्या बहुतेक पुस्तकांत आकृतीवर बारीक क, ख, ग किंवा आकडे असत आणि नावांची यादी खाली किंवा पुढच्या पानावर. विद्यार्थ्याची नजर सारखी वरखाली. आकृतीत सात, खाली सात शोधा, नाव वाचा, परत वर या, तोवर सात कुठे होतं ते विसरलेलं. कार्टर यांनी नाव त्या अवयवावरच लिहिलं. धमनी वळते तसं तिचं नाव वळतं, स्नायू तिरका जातो तसं त्याचं नावही तिरकं. अवयवावरच्या त्या नावांनी पुस्तकाचं नशीब काढलं असं मी म्हणते. मजकूर चांगला होता, पण चांगला मजकूर इतरांकडेही होता. नाव आणि जागा एकदाच डोळ्यात शिरतात आणि एकदाच बाहेर येतात. आपल्या मुलीनं हे कुठे वाचलेलं नव्हतं. तरी तिच्या टर्मिनलनंतरच्या वह्यांत नावं धमनीच्या वळणावरून वळत गेलेली आहेत. एका पानावर फेशियल आर्टरीचं नाव जबड्याच्या कडेवरून वर चढून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत नागमोडी गेलंय, कारण ती धमनीच नागमोडी जाते. तोंड उघडताना गाल ताणतो, धमनी ताणू नये म्हणून तिला ढील दिलेली असते.

त्याच काळात, १८६० च्या दशकात, ग्रँट मेडिकलमध्ये मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्गही चालत. डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्या वर्गांत शिकवत. म्हणजे मराठीत शरीर समजावणं हा आमचा आजचा हट्ट नव्हे, दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत ते रोज चालत होतं.

आता फाट्याकडे येते, कारण पुस्तिकेचं नाव त्यावरून आहे.

दंडाच्या मागून एक नस जाते, रेडियल नर्व्ह. काखेतून निघते, ह्युमरसच्या मागच्या अंगानं तिरपा खोबणीरस्ता धरते, घाट डोंगराला वळसा घालतो तशी हाडाला वळसा घालत बाहेरच्या बाजूनं पुढे येते आणि कोपराच्या समोर दोन फाटे फुटून हाताकडे उतरते. पुस्तकात तिच्या शाखांची यादी असते आणि मुलं ती यादी पाठ करतात. या वह्यांत तिचा रस्ता काढलाय आणि प्रत्येक फाट्याला एकच प्रश्न लिहिलाय : खोबणीच्या आधी का नंतर?

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ती घरी आली असताना माझ्या एका डॉक्टर मित्राच्या दवाखान्यात बसायची. एका पहाटे मुंबईहून रातराणीनं आलेला माणूस आला. घरच्यांनी धरून आणलेला, बायको रडत होती. रात्रीत लकवा मारला म्हणाले. उजवं मनगट लुळं पडलेलं, पंजा खाली लोंबत होता. माझ्या मित्रानं तिला खूण केली, तू बघ. तिनं त्याला दंड आडवा धरायला लावला आणि कोपर सरळ करायला सांगितलं. झालं. जोर लावून धरला तरी झालं. मनगट वर उचला म्हणाली. हललंसुद्धा नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या पाठीवर कापसानं शिवलं. कळलं नाही. मग तिनं विचारलं, "दादा, झोपलात कसे?" बायकोनंच दाखवलं. पुढच्या सीटच्या मागच्या दांडीवरून हात पलीकडे टाकून, दंड दांडीवर दाबून, रात्रभर. घेतलेलीही होती थोडी, ते हळूच सांगितलं.

मुलीनं त्याच्या दंडाच्या मागून बोट फिरवलं आणि मध्यावर थांबवलं. "इथं."

कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सकडे जाणारे मुख्य फाटे काखेतच, खोबणीत शिरायच्या आधी, फुटतात. म्हणून कोपर शाबूत. मनगट उचलणाऱ्या स्नायूंचे फाटे खोबणीच्या खाली फुटतात, म्हणून मनगट गेलं. दाब काखेत असता, चुकीच्या मापाच्या कुबडीनं पडतो तसा, तर कोपरही गेलं असतं. अर्धांगवायू नव्हता, नस दबली होती. असा दाब बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुटतो, तोवर मनगटाला पट्टीचा आधार. बायकोचं रडणं थांबलं आणि दांडीवर हात टाकून झोपायचं कारण विचारणं सुरू झालं, ते बाहेरपर्यंत ऐकू आलं.

यादी पाठ असणारा विद्यार्थीही इथपर्यंत पोचला असता, नाही असं नाही. पण त्याला आधी यादी म्हणावी लागली असती, बापूंसारखी, पोलादपूरपासून.

पाठांतराची टिंगल करायची म्हणून हे लिहिलेलं नाही. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला असं आपण मानतो, आणि त्या परिसरातल्या म्हाताऱ्या अजून मनाचे दोनशे पाच श्लोक न अडखळता म्हणतात. माझी आजीही म्हणायची. मात्र मधलाच एखादा श्लोक विचारला की मागे जाऊन सुरू करायची. आपल्या परंपरेला हा दोष माहीत होता. म्हणूनच वेदपाठी नुसता संहितापाठ करून थांबत नाहीत. घनपाठात दोन शब्द सरळ म्हणतात, मग उलट, मग तीन सरळ, तीन उलट, पुन्हा तीन सरळ, आणि एक शब्द पुढे सरकून परत तेच. साखळीतली कुठलीही कडी कुठल्याही बाजूनं पकडता यावी याची ती सोय आहे. हाताच्या पुढच्या भागाचे थर या वह्यांत असेच दिलेत. कातडीकडून हाडाकडे, मग हाडाकडून कातडीकडे, मग मधल्या एका थरावर उभं राहून वर काय आणि खाली काय.

आणि हे सगळं पुस्तक बंद करून. हा मुद्दा मुलांना पटवणं सगळ्यात कठीण, कारण पुन्हा पुन्हा वाचलं की येतंय असं वाटतं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे मोजलं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर घेतली तर उलट, ४२ विरुद्ध ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणारा मुलगा खोटं बोलत नाही, त्याला त्या पाच मिनिटांपुरतं खरंच येतं. विसरण्याचा वेग एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून मांडला. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायचा आणि किती वेळानं पुसल्या ते बघायचा. पहिल्या दिवसातच बरंचसं पुसतं आणि मग उतार मंदावतो. आजकाल अंकीसारखी अॅप्स त्यावरच चालतात, विसरायच्या बेतात असताना प्रश्न विचारतात. चांगली आहेत, वापरावीत, पण दुसऱ्यानं बनवलेल्या प्रश्नांच्या पत्त्यांवर विसंबून नव्हे. पत्ता बनवण्यातच निम्मा अभ्यास होतो.

आपल्या मुलीचं अॅप म्हणजे एसटी होती. कॉलेजातून घरी यायला दोन गाड्या बदलाव्या लागत. पहिल्या गाडीत ती मागच्या खेपेला शिकलेला भाग बोटानं स्वतःच्या मांडीवर काढायची, न बघता. दुसऱ्या गाडीत वही उघडून काय चुकलं ते बघायची. घरी वही उघडायची नाही असा नियम, कारण घरी काम असायचं. परत जाताना पुन्हा. महिन्यातून दोन फेऱ्या. वह्यांच्या कोपऱ्यांत तारखा आहेत, एकेका पानावर सहा-सात, आणि शेवटच्या तारखांपुढे फक्त बरोबरची खूण.

वेळ कमी असतो ही तक्रार खरी आहे. १९९७ च्या नियमांनी पहिलं एमबीबीएस दीड वर्षावरून एका वर्षावर आणलं. शरीर मात्र तेवढंच राहिलं. त्या एका वर्षात डिसेक्शन हॉलमधला वेळ सगळ्यात आधी कापला जातो आणि मला त्याचं वाईट वाटतं. फॉर्मेलिननं डोळे चुरचुरतात, टेबलाभोवती गर्दी असते, एकच जण सुरी चालवतो आणि बाकीचे मोबाइल बघतात, हे सगळं मान्य. तरीही एकदा स्वतःच्या हातानं कातडीखालचा थर सोडवून पांढरी दोरीसारखी नस उचलून बघितली की ती कुठल्याच आकृतीतून तशी कळत नाही. सुश्रुतानं देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायला सांगितलंय आणि मग कुंच्यानं हळूहळू घासत थर उलगडायला. त्याच्या ग्रंथात हाडं तीनशे मोजली आहेत, आज आपण २०६ मोजतो. कूर्चा आणि दात धरायचे का, यावर हिशेब बदलतो. पण पद्धत बघा. तोही विद्यार्थ्याला ग्रंथासोबत डोळ्यानं बघायला बसवतो. १९४९ च्या अॅनाटॉमी अॅक्टमुळे आपल्याकडे बेवारस देह कॉलेजांना मिळू लागले. आता देहदान करणारी माणसं वाढताहेत आणि त्यातली काही याच तालुक्यांतली असतात. टेबलावरच्या देहाचं आडनाव आपल्याला माहीत नसतं, इतकंच.

अलिबागला आणि साताऱ्याला, म्हणजे घाटाच्या दोन्ही अंगांना, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू होऊन फार दिवस झालेले नाहीत. पूर्वी पोलादपूरच्या मुलाला मुंबई किंवा पुणं गाठावं लागे. आता वाडीवरची मुलं वाढतील आणि त्यातली थोडी तरी परत येतील अशी मला आशा आहे. परत आलेल्या डॉक्टरच्या टेबलावर ग्रंथालय नसतं. १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं मुलं दगावत होती आणि उपाय कुठल्या पुस्तकात नव्हता. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून घाम, नाडी, थंड पडणारे हातपाय, फुप्फुसात भरणारं पाणी यांचा क्रम बघितला आणि विष स्वायत्त मज्जासंस्थेला कसं पेटवतं ते ओळखलं. त्यातून प्रॅझोसिनचा वापर पुढे आला, १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पहिल्या वर्षाची मुलं स्वायत्त मज्जासंस्थेचं प्रकरण ऑप्शनला टाकतात. बिरवाडीत ती सोय नव्हती.

पुस्तिका कशी वापरायची त्याविषयी दोन शब्द. उजव्या पानावर आकृती आणि प्रश्न आहेत. डाव्या पानावर काहीच नाही, ती छापखान्याची चूक समजून परत पाठवू नये. तिथे उजवं पान झाकून तुम्ही काढायचं आहे. पेन्सिल वापरा, तारीख टाका. हात आणि पाय यांची प्रकरणं पूर्ण आहेत. छाती-पोट बऱ्यापैकी. डोकं आणि मान अर्धवट आहे, कारण त्या वेळेला मुलीच्या घरी भातकापणी होती आणि वहीत ती पानं नुसती कोरी सोडलेली आहेत. मी भरून देऊ का विचारलं. नको म्हणाली, मीच भरते, पण सध्या रात्रपाळ्या आहेत.

छापायच्या आधी मी कच्ची प्रत तात्यांना दाखवली. त्यांना वाचायचं काही नव्हतं, पण रेडियल नर्व्हच्या पानावर ते थांबले. हाडाला वळसा घालणाऱ्या त्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा रस्ता वरनं खाली आलाय का खालनं वर गेलाय?" मी म्हटलं, दोन्ही विचारतात. त्यांनी बोट परत काखेशी नेलं आणि पुन्हा सावकाश उतरू लागले.